शनिवारची रात्र आणि तिकिटाचे गणित

शालेय गणितात आगगाडीला मानाचे स्थान आहे. तिथली गाडी एकसमान वेगाने धावते, पूल ओलांडते, समोरून येणाऱ्या गाडीला भेटते आणि तिचे भाडे त्रैराशिकाने निघते. ‘तीन तिकिटांना ४५० रुपये पडतात, तर पाच तिकिटांना किती?’ हे उदाहरण आम्हीही फळ्यावर अनेकदा घातले आहे आणि ७५० या उत्तराला पूर्ण गुण दिले आहेत.

आता समजा, पाच मित्रांनी शुक्रवारी संध्याकाळी एकाच गाडीने निघून रविवारी परत यायचे ठरवले आणि तिकिटे ज्याने त्याने आपापल्या सवडीने काढली. गाडी एक, डबा एक, अंतर एक. तरीही पाच जणांनी पाच वेगवेगळ्या किमती मोजल्या, असे होऊ शकते. आपल्याकडच्या काही गाड्यांत २०१६ च्या सप्टेंबरपासून याची सोय झाली. जर्मनीत तीच गोष्ट जरा वेगळ्या वाटेने २००२ च्या डिसेंबरात आली आणि तिने तिथल्या प्रवाशांना इतके बेजार केले की आठ महिन्यांच्या आत रेल्वेला माघार घ्यावी लागली. त्रैराशिकाचे उदाहरण चुकीचे ठरले, याचे आम्हाला फारसे दुःख नाही. भाडे अंतराच्या सम प्रमाणात कधीच नव्हते. आमचा प्रश्न निराळा आहे. घरून निघण्यापूर्वी प्रवाशाला कागद-पेन्सिल घेऊन आपले भाडे काढता येते का, आणि काढता येत नसेल तर ते कोणाच्या सोयीसाठी?

छापील कोष्टक

आधी आपली जुनी पद्धत पाहू, कारण तिच्यातही गुंतागुंत कमी नाही. भारतीय रेल्वेच्या साध्या भाड्यात अंतर वाढते तसा दर किलोमीटरचा दर उतरत जातो. याला टेलिस्कोपिक भाडे म्हणतात. दुर्बिणीच्या नळ्या एकीत एक सरकून लहान होत जातात, तसा हा दर. म्हणून लांबच्या प्रवासाचे एक तिकीट हे त्याच वाटेवरच्या दोन तुकड्यांच्या तिकिटांपेक्षा साधारणपणे स्वस्त पडते. त्यावर आरक्षणाचा आकार आणि जलद गाडीचा अधिभार येतो. हे दोन्ही अंतरावर अवलंबून नसतात, फक्त वर्गावर असतात. आलेखाच्या भाषेत सांगायचे तर रेषा आरंभबिंदूतून जात नाही आणि ती सरळही नाही.

शिवाय प्रत्येक वर्गाला किमान आकारणीचे अंतर असते. स्लीपरला ते २०० किलोमीटर, तर वातानुकूलित तीन-टियरला ३०० किलोमीटर धरले जाते. मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते पुणे हे अंतर १९२ किलोमीटर. शनिवार-रविवार पुण्याला जाणारा माणूस तीन-टियरमध्ये बसला, तर तो ३०० किलोमीटरचे भाडे देतो. न केलेल्या १०८ किलोमीटरांचे, म्हणजे प्रत्यक्ष अंतरावर ५६ टक्के जादा. पुण्याच्या पुढे दौंडपर्यंत गेला तरी त्याचे मूळ भाडे तेवढेच राहते, कारण दौंडही ३०० च्या आतच आहे. कोकण रेल्वेची गोष्ट आणखी मजेदार आहे. तो मार्ग बांधण्याचा खर्च भरून निघावा म्हणून प्रवासी भाड्यासाठी तिथले अंतरच ४० टक्के फुगवून धरण्याची पद्धत ठरली. रुळावर १०० किलोमीटर, हिशोबात १४०. गोव्याच्या सहलीचे भाडे अंतराच्या मानाने जास्त का वाटते, याचे एक कारण इथे सापडते.

हे सारे किचकट आहे, यात शंका नाही. पण यातली प्रत्येक पायरी नियमात लिहिलेली आहे आणि भाड्याचे कोष्टक छापून मिळत आले आहे. वेळापत्रकाच्या शेवटच्या पानांवरून हिशोब करून तिकीटबाबूशी हुज्जत घालणारे गृहस्थ आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. काहींच्या घरातच असतील. त्या गृहस्थांना तीनशे किलोमीटरचा नियम अन्यायाचा वाटू शकतो, तो बदला म्हणून अर्ज करता येतो. नियम काय आहे हे मात्र त्यांना माहीत असते, आणि हुज्जत घालायला तेवढे पुरते.

इथे ब्रिटनचा उल्लेख केला पाहिजे, कारण तिथे उलटा प्रकार दिसतो. १९९३ च्या कायद्याने ब्रिटिश रेल्वेचे खासगीकरण झाल्यावर दोन स्थानकांच्या प्रत्येक जोडीचे भाडे ठरवण्याचे काम त्या जोडीवरच्या मुख्य कंपनीकडे गेले. जोड्यांची भाडी अशी वेगवेगळी ठरल्याने पुष्कळ ठिकाणी अ ते क या तिकिटापेक्षा अ ते ब आणि ब ते क ही दोन तिकिटे मिळून स्वस्त पडू लागली. माणूस त्याच गाडीत, त्याच जागेवर बसून जातो. गाडी ब ला थांबली की पुरे. हे नियमात बसते, आणि असे तुकडे शोधून देणे हाच एक धंदा झाला. त्याशिवाय, गर्दी नसलेल्या वेळेचे जाण्याचे तिकीट आणि जाण्या-येण्याचे तिकीट यांत अनेक मार्गांवर वर्षानुवर्षे अवघ्या एका पौंडाचा किंवा त्याहूनही कमी फरक राहिला. भूमितीत त्रिकोणाची कोणतीही बाजू इतर दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा लहान असते. ब्रिटिश भाड्यांना हा नियम लागू नाही. नववीच्या मुलांना ‘अंतर’ या कल्पनेच्या अटी शिकवताना, अट मोडली की काय होते याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. मात्र तो गोंधळ बराचसा निष्काळजीपणातून वाढलेला आहे. जर्मनीतला गोंधळ आखून केलेला होता, म्हणून तो अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे.

शनिवारची रात्र

जर्मन रेल्वेने १९९५ च्या फेब्रुवारीत ‘सुंदर शनिवार-रविवार’ अशा अर्थाच्या नावाचे एक तिकीट काढले. पंधरा मार्कांत पाच माणसांनी शनिवार आणि रविवार, देशभरातल्या कोणत्याही स्थानिक गाडीने, वाटेल तितका प्रवास करावा. एका ओळीत मावणारा नियम. लोक इतके तुटून पडले की गाड्यांत पाय ठेवायला जागा उरेना आणि किंमत लवकरच दुप्पट करावी लागली. पुढे त्याच्या अटी बदलत गेल्या, किंमत वाढत गेली, तरी ते तिकीट २०१९ च्या जूनपर्यंत चालले. लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांचे भाडेही तेव्हा सरळ होते. किलोमीटरमागे ठरावीक दर, आणि वर्षाचे सवलतकार्ड घेतले असेल तर निम्मे.

१५ डिसेंबर २००२ पासून जलद गाड्यांना नवी पद्धत लागू झाली. विमान कंपन्यांच्या धर्तीवर ती आखली होती. तिचे मुख्य नियम असे. एक दिवस आधी, ठरावीक गाडीचे तिकीट काढले तर १० टक्के सूट. तीन दिवस आधी आणि परतीसह काढले तर २५ टक्के. सात दिवस आधी, परतीसह, आणि जाण्या-येण्याच्या मध्ये शनिवारची रात्र गेली तर ४० टक्के. या सवलतीच्या जागा प्रत्येक गाडीत मर्यादित. बरोबर येणाऱ्या चार माणसांपर्यंत प्रत्येकाला निम्मे भाडे. जुन्या ५० टक्क्यांच्या कार्डाऐवजी २५ टक्क्यांचे नवे, स्वस्त कार्ड. ते वरच्या सवलतींबरोबर वापरता येई. लांब अंतराची मूळ भाडीही काहीशी उतरवली होती. रेल्वेचे म्हणणे होते की बहुतेकांचा प्रवास आता स्वस्त होईल.

शिक्षकांनी इथे थांबून दोन उदाहरणे वर्गात घालावीत.

पहिले. ४० टक्के सूट आणि त्यावर २५ टक्क्यांचे कार्ड, मिळून सूट किती? पुष्कळ मुले ६५ म्हणतील, आणि मोठी माणसेही म्हणतील. १०० चे ६० झाले, ६० चे पाऊण म्हणजे ४५. सूट ५५ टक्के. क्रम उलटा केला तरी ४५ च, कारण गुणाकाराला क्रमाची पर्वा नसते. दहा टक्क्यांची ही तूट कोणी लपवलेली नसते. बेरीज करण्याची आपली खोड ती लपवते.

दुसरे अधिक महत्त्वाचे. कार्डाची सवलत ५० वरून २५ टक्के झाली. प्रवाशाचा खर्च किती टक्के वाढला? घाईत उत्तर येते २५. पण जो पूर्वी १०० पैकी ५० देत होता, तो आता ७५ देतो. वाढ पंचवीसची, पन्नासावर, म्हणजे ५० टक्के. शुक्रवारी दुपारी काम संपले आणि संध्याकाळच्या गाडीने आईकडे जावे असे वाटले, अशा माणसाचे भाडे दीडपट झाले. लांबच्या मार्गावर मूळ भाडे उतरले होते, त्यामुळे तिथे वाढ इतकी नसेल. जवळच्या मार्गावर तोही दिलासा नव्हता. उलट चौघांचे कुटुंब, आठवडाभर आधी बेत ठरवणारे, खरोखरच फायद्यात गेले. एकाचे ६०, बाकी तिघांचे ३० प्रमाणे ९०, चौघांचे मिळून १५०. पूर्वी चौघांकडे कार्डे असती तरी २०० पडले असते. तेव्हा रेल्वे खोटे बोलत होती, असे म्हणता येत नाही. ‘बहुतेकांना स्वस्त’ हे विधान ज्या प्रवाशांना डोळ्यांपुढे ठेवून केले, ते प्रवासी आणि नियमाने कार्ड घेऊन एकटे फिरणारे प्रवासी हे दोन वेगळे गट होते. दुसऱ्या गटातले लोक रेल्वेचे सर्वांत इमानी गिऱ्हाईक होते, एवढीच अडचण.

पण शनिवारच्या रात्रीचे काय? जाताना आणि येताना गाडी तीच, इंजिन तेच, वीज तितकीच. मधली रात्र मंगळवारची की शनिवारची, याने रेल्वेच्या खर्चात फरक पडत नाही. तो नियम खर्चाचा नाही, माणूस ओळखण्याचा आहे. कंपनीच्या कामाने प्रवास करणारा माणूस शुक्रवारी घरी परततो. तो महागडे तिकीटही घेतो, कारण पैसे कंपनी देते. शनिवारची रात्र परगावी काढणारा बहुधा सहलीला किंवा नातेवाइकांकडे चाललेला असतो, स्वतःच्या खिशातून पैसे देतो आणि महाग वाटले तर मोटारीने जातो. दोघांना तोंडावर विचारता येत नाही, म्हणून त्यांच्यापुढे एक चाळणी धरायची. अमेरिकन विमान कंपन्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आगाऊ खरेदी आणि किमान मुक्काम या अटी घालून ही चाळणी रुळवली.

कल्पना मात्र विमानांपेक्षा पुष्कळ जुनी आहे, आणि ती रेल्वेतच सापडते. ज्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये लिहिताना तिसऱ्या वर्गाच्या उघड्या डब्यांचा विचार केला. डब्याला छप्पर घालायला फारसे पैसे लागत नाहीत, मग कंपन्या ते का घालत नाहीत? त्याचे उत्तर असे होते की, छप्पर घातले तर दुसऱ्या वर्गाचे पैसे देऊ शकणारे लोकही तिसऱ्यात बसतील. गरिबाला भिजवण्यात कंपनीला रस नसतो, श्रीमंताला घाबरवण्यात असतो. दीडशे वर्षांनी छपराची जागा शनिवारच्या रात्रीने घेतली, इतकेच.

तरीही एक गोष्ट आम्हाला खटकते. शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारी गाड्या तुडुंब असतात, मंगळवारी दुपारी रिकाम्या धावतात. ही गर्दी पसरावी हा या पद्धतीचा एक जाहीर हेतू होता आणि तो रास्त होता. त्यासाठी सवलतीच्या जागा गाडीगणिक मर्यादित ठेवल्या होत्या. पण सर्वांत मोठी सवलत कोणाला? ज्याच्या मुक्कामात शनिवारची रात्र आहे त्याला, म्हणजे मुख्यतः शुक्रवारी जाऊन रविवारी येणाऱ्याला. आजारी बहिणीला भेटायला मंगळवारी जाऊन गुरुवारी परतणारा माणूस महिनाभर आधी तिकीट काढो, रिकाम्या गाडीत बसो, त्याला २५ च्या वर सूट नाही. एक नियम गर्दीपासून दूर ढकलतो, दुसरा गर्दीकडे ओढतो. दोन्ही एकाच पत्रकात छापलेले होते. ज्यांनी ते आखले त्यांनी दोन उद्दिष्टे मनात धरली होती, एक गर्दीचे आणि एक उत्पन्नाचे, आणि दोन्ही एकाच वेळी साधत नाहीत हे कबूल केले नाही. आमच्या मते पद्धतीचा मूळ दोष हा होता.

रिकाम्या जागेची किंमत

विमान कंपन्यांचे हे शास्त्र काय आहे, तेही थोडक्यात पाहू, कारण उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांना संभाव्यतेचा याहून चांगला उपयोग क्वचित दाखवता येतो. बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केनेथ लिटलवुडने १९७२ मध्ये एक साधा नियम मांडला. समजा, एकच जागा उरली आहे. समोर उभा असलेला माणूस तिचे ६० द्यायला तयार आहे. उद्या कोणी पूर्ण १०० देणारा येईलही, येणारही नाही. तो येण्याची संभाव्यता प असेल, तर जागा राखून ठेवण्याची अपेक्षित किंमत १०० प. ही ६० पेक्षा जास्त असेल, म्हणजे प ०.६ पेक्षा जास्त असेल, तर समोरच्याला नाही म्हणावे. वीस जागा उरल्या असतील तर प्रश्न असा होतो की, पूर्ण भाडे देणारे वीस किंवा अधिक लोक येण्याची संभाव्यता ०.६ पेक्षा जास्त आहे का. बाकी सारी यंत्रणा, संगणक आणि आकडेमोड ही संभाव्यता नीट अंदाजण्यासाठी असते.

नियम सुंदर आहे. पण त्याची गृहीतके वाचली पाहिजेत. विमानात जागा मोजक्या असतात, उभे राहता येत नाही, एक माणूस घेतला की दुसऱ्याला नाही म्हणावे लागते. जर्मन जलद गाडीत आरक्षण सक्तीचे नव्हते. तिकीट असलेला कोणीही चढू शकत होता, जागा नसेल तर दाराशी उभा राहत होता. ‘शेवटची जागा’ ही चीजच तिथे नव्हती. शिवाय गाडी वाटेत दहा ठिकाणी थांबते, तीच जागा हॅम्बुर्ग ते हानोव्हर रिकामी आणि पुढे भरलेली असू शकते. त्या काळात या गाड्यांच्या जागा वर्षाच्या सरासरीने निम्म्याहून कमी भरत होत्या. जिथे जागा उरतात तिथे ती राखून ठेवण्याला किंमत नसते, आणि मग लिटलवुडच्या नियमात राखायला काही उरतच नाही. विमानाचे सूत्र रेल्वेला लावताना गृहीतके विमानतळावरच राहिली.

रेल्वेचा मोठा गुण असा की, स्थानकावर जावे आणि पहिल्या गाडीत बसावे. मोटार हेच देते, म्हणून लोक मोटारीने जातात. नव्या पद्धतीने नेमक्या याच गुणावर जास्तीचे भाडे लावले. प्रवासी घटले, ग्राहक संघटनांनी झोड उठवली, तिकीटखिडकीवरच्या कर्मचाऱ्यांना सर्वांत स्वस्त जोडणी सांगता येईना. २००३ च्या मे महिन्यात दोन जबाबदार वरिष्ठांना पद सोडावे लागले. १ ऑगस्ट २००३ पासून निम्म्या भाड्याचे कार्ड परत आले. शनिवारच्या रात्रीची अट मात्र नव्या रूपात सर्वांत मोठ्या सवलतीला चिकटून राहिली.

आपला जिना

आता घरचे प्रकरण. ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांच्या काही वर्गांत ‘फ्लेक्सी’ भाडे सुरू झाले. दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडे दहा टक्क्यांनी चढते. वातानुकूलित दोन-टियर आणि चेअरकारसाठी कमाल मर्यादा दीडपट ठेवली होती. याचा आलेख जिन्यासारखा येतो. सुरुवातीला सांगितलेल्या पाच मित्रांचे कोडे इथे सुटते, ते पाच वेगळ्या पायऱ्यांवर उभे होते.

वर्गात १०० जागांचा डबा घ्या, मूळ भाडे १००० रुपये धरा. पहिल्या दहा जागा १००० ला, पुढच्या दहा ११०० ला, मग १२००, १३००, १४००. इथे पन्नास जागा संपल्या. उरलेल्या पन्नास सर्वच्या सर्व १५०० ला. म्हणजे मूळ भाड्यात दहापैकी एकच जागा मिळते, आणि कमाल भाड्यात निम्मा डबा. ‘आधी काढा, स्वस्त मिळवा’ हे वाक्य खरे आहे, पण स्वस्त म्हणजे इथे पूर्वीइतके. पूर्वीपेक्षा कमी कोणालाच नाही. जर्मन पद्धतीत निदान काही लोक फायद्यात होते.

पुढे जाऊ. डबा पूर्ण भरला तर पहिल्या पन्नास जागांचे ६०,००० आणि बाकीचे ७५,००० मिळून १,३५,००० रुपये येतात. पूर्वी १,००,००० येत. आता विचारा की, नव्या भाड्याने जुने एक लाख मिळवायला किती जागा विकाव्या लागतील? पन्नास जागांत ६०,००० आले, उरलेले ४०,००० दर जागेला १५०० प्रमाणे २७ जागांत. एकूण ७७. तेवीस जागा रिकाम्या धावल्या तरी तिजोरीला झळ नाही. ‘उत्पन्न वाढले’ या वाक्याकडे पाहताना हा ७७ चा आकडा जवळ ठेवावा. महालेखापालांच्या २०१८ च्या अहवालाने पहिल्या साधारण अकरा महिन्यांचा हिशोब मांडला. या गाड्यांचे उत्पन्न सुमारे ५५२ कोटी रुपयांनी वाढले होते, आणि प्रवासी आदल्या वर्षीच्या त्याच काळातल्या सुमारे २ कोटी ४७ लाखांवरून २ कोटी ४१ लाखांच्या आसपास उतरले होते. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात, आणि का, ते मुलांना वरच्या उदाहरणातून कळते.

आमची खरी तक्रार मात्र भाडे वाढल्याची नाही. भाडेवाढ लागू शकते, ती उघडपणे करता येते. तक्रार अशी की, या योजनेला ‘डायनॅमिक’ म्हटले गेले आणि विमानांचा दाखला दिला गेला, पण विमानवाल्यांचे शास्त्र तिच्यात नव्हते. लिटलवुडच्या नियमाचा जीव मागणीच्या अंदाजात आहे. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून अहमदाबादला किती लोक जातील, बुधवारी किती, परीक्षा संपल्यावर किती. आपला जिना सगळ्या दिवसांना, सगळ्या मार्गांना, सगळ्या ऋतूंना सारखाच होता. त्याला पंचांग ठाऊक नाही. शुक्रवारच्या गाडीत तो भराभर चढून जातो आणि उरलेली सारी तिकिटे एकाच भावाने विकतो. बुधवारच्या अर्ध्या रिकाम्या गाडीत तो सावकाश चढतो, पण चढतोच. जिथे चाळीस-पन्नास टक्केच जागा भरतात तिथल्या प्रवाशाकडूनही १३००, १४०० घेतो. त्या गाडीत खाली उतरणारी पायरी हवी होती. हे ध्यानात यायला दोन वर्षे गेली. २०१८ मध्ये, सरासरी निम्म्याहून कमी भरणाऱ्या १५ गाड्यांतून ही योजना काढली आणि आणखी ३२ गाड्यांत मंदीच्या महिन्यांपुरती थांबवली.

या जिन्याच्या खालच्या पायरीवर कोण उभे राहू शकते? ज्याला आपल्या सुट्ट्या महिनोन्‌महिने आधी माहीत आहेत तो. या बाबतीत आम्ही शिक्षक भाग्यवान. दिवाळीची सुट्टी जूनमध्येच फळ्यावर लागते. आगाऊ आरक्षणाची मुदत तेव्हा १२० दिवसांची होती, १ नोव्हेंबर २०२४ पासून ती ६० दिवसांवर आली. मुलाखतीचे बोलावणे आलेला मुलगा, रुग्णालयातून फोन आलेली मुलगी, रजा शेवटच्या क्षणी मंजूर होणारा कामगार, हे वरच्या पायरीवर सापडतात. त्यांची गरज मोठी असते, म्हणून ते जास्त देतात; त्यांची ऐपत मोठी असते असे मात्र नाही. द्युपुईच्या चाळणीत निदान श्रीमंत आणि गरीब वेगळे करण्याचा विचार होता. इथे वेळेवर कळलेले आणि न कळलेले वेगळे होतात.

आणि आपण सुरुवातीला विचारलेला प्रश्न. जुन्या कोष्टकावरून भाडे काढण्यासाठी अंतर, वर्ग आणि गाडीचा प्रकार एवढे पुरत होते. जिन्यावरचे भाडे काढायला आणखी एक चल राशी लागते, ती म्हणजे आपल्या आधी किती लोकांनी तिकीट काढले. ही राशी दुसऱ्यांच्या हातात असते आणि क्षणाक्षणाला बदलते. सूत्र जाहीर आहे, त्यात घालायची किंमत प्रवाशाला आधी कळत नाही. जो आकडा पडद्यावर दिसेल तो बरोबरच असणार, असे मानून तो पैसे भरतो. वेळापत्रक घेऊन हुज्जत घालणाऱ्या गृहस्थांना इथे काही काम उरले नाही.

२०१८ च्या त्याच फेरबदलात कमाल मर्यादा दीडपटीवरून १.४ पटीवर आणली आणि ती प्रवाशांना दिलेली सवलत म्हणून सांगितली गेली. हे शेवटचे उदाहरण वर्गावर सोपवतो, उत्तर मात्र देऊन ठेवतो. शंभर जागांच्या त्याच डब्यात आता पहिल्या चाळीस जागांचे ४६,००० आणि उरलेल्या साठांचे १४०० प्रमाणे ८४,०००, एकूण १,३०,०००. सरासरी भाडे १३५० चे १३०० झाले. जुने एक लाख मिळवायला ७७ ऐवजी ७९ जागा भराव्या लागतात. आणि कमाल भाड्याच्या जागा पन्नासावरून साठ झाल्या.